मेजिरोच्या टेकडीवरील विद्यापीठ

एप्रिल महिना लागला, की टोकियो शहरातील चेरीचे वृक्ष फिकट गुलाबी फुलांनी डवरून जातात. जपानमध्ये शाळा-महाविद्यालयांचे नवे वर्ष याच सुमारास सुरू होते. शहराच्या मेजिरो नावाच्या उंचवट्यावर जपान महिला विद्यापीठ वसलेले आहे. नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थिनी बिचकत बिचकत त्याच्या आवारात पाऊल ठेवतात, तेव्हा वरच्या वर्गांतील मुली हसतमुखाने त्यांच्या स्वागताला पुढे येतात. कोणी नाट्यमंडळाचे पत्रक हाती देते. कोणी चहापानाचा पारंपरिक विधी शिकण्यासाठी बोलावते. कोणी आपल्या खेळाच्या चमूत येण्याचा आग्रह धरते. ही मंडळे विद्यार्थिनींनी स्वतः चालवलेली असतात. त्यांचे हिशेब त्याच ठेवतात आणि त्यांच्यातील भांडणेही त्याच मिटवतात.

आज हे दृश्य कोणालाही नवलाचे वाटत नाही. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी याच जपानमध्ये, मुलींनी उच्च शिक्षण घ्यावे ही कल्पनाच पुष्कळांना वेडगळपणाची वाटत होती. त्या काळी तेथील शाही विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. मुलीने घरकाम शिकावे, चार अक्षरे गिरवावीत आणि योग्य वेळी सासरी जावे, एवढीच समाजाची अपेक्षा असे. फार शिकल्यास मुलींची प्रकृती ढासळेल, त्या उद्धट होतील, घरसंसार विसरतील, अशी भीती मोठमोठे लोकही बोलून दाखवीत. ही भीती निराधार आहे, हे नुसत्या वादविवादाने सिद्ध होण्यासारखे नव्हते. ते प्रत्यक्ष करून दाखवावे लागणार होते.

हे काम अंगावर घेणाऱ्या गृहस्थांचे नाव जिन्झो नारुसे. त्यांचा जन्म 1858 साली झाला. तरुणपणी त्यांनी ओसाका व निईगाता येथील मुलींच्या शाळांत काम केले. पुढे 1890 मध्ये ते अमेरिकेस गेले आणि तेथील शिक्षणसंस्थांचा जवळून अभ्यास करून 1894 मध्ये मायदेशी परतले. दोन वर्षांनी त्यांनी स्त्रीशिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलीला आधी माणूस म्हणून शिकवावे, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून, असा त्यांच्या विचारांचा क्रम होता. ‘आधी माणूस म्हणून’ हे शब्द आज साधे वाटतात. त्या काळी ते धाडसाचे होते.

विचार पुष्कळांना सुचतात. ते उभे करण्यास मात्र माणसे आणि पैसा लागतो. नारुसे दारोदार हिंडले. त्यांच्या पाठीशी जी माणसे उभी राहिली, त्यांत आसाको हिरोओका या बाई अग्रभागी होत्या. त्यांचा जन्म मित्सुई या श्रीमंत घराण्यातला. पण तेराव्या वर्षी घरच्यांनी त्यांना पुस्तके वाचण्यास मनाई केली होती. मुलीच्या जातीला विद्येचा काय उपयोग, असा त्यामागचा विचार! पुढे याच आसाकोबाईंनी सासरचा बुडू लागलेला व्यापार सावरला, कोळशाच्या खाणीचा कारभार पाहिला आणि पेढी चालवली. लहानपणी आपल्या हातून हिरावून घेतलेले पुस्तक दुसऱ्या मुलींच्या हाती पडावे, म्हणून त्यांनी पदरचा पैसा आणि स्वतःचे वजन या कामी खर्च केले. मेजिरोची जमीन मित्सुई घराण्याकडूनच देणगीदाखल मिळाली.

अखेर 20 एप्रिल 1901 रोजी ही संस्था सुरू झाली. गृहशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तीन विभाग तिच्यात होते. सरकारच्या लेखी मात्र ते खरे विद्यापीठ नव्हते. सरकारचा तो शिक्का मिळण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक वाट पाहावी लागली.

नारुसे यांचा एक ठाम सिद्धांत होता. ज्ञान बाहेरून ओतून भरता येत नाही. विद्यार्थिनीने ते स्वतःच्या हालचालीतून मिळवले पाहिजे. त्यामुळे त्यांनी वर्गाइतकेच महत्त्व वर्गाबाहेरील जीवनाला दिले. दूरच्या गावांहून आलेल्या मुलींसाठी वसतिगृहे होती. तेथे मुलींचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाला एका कुटुंबाचे रूप दिले होते. स्वयंपाकाच्या पाळ्या लागत. बाजारहाट, साफसफाई, जमाखर्च ही कामे मुली आपसांत वाटून घेत. भात करपला, तर तो करपलाच खावा लागे; आणि महिनाअखेर हिशेब जुळला नाही, तर तो जुळेपर्यंत बसावे लागे. पुस्तकातल्या गृहशास्त्राची परीक्षा अशी रोजच होत असे.

सर्वांत अधिक बोलबाला झाला तो क्रीडामहोत्सवाचा. उच्च शिक्षणाने मुलींची प्रकृती ढासळेल, असे म्हणणाऱ्यांना नारुसे यांनी मैदानावर उत्तर दिले. अमेरिकेहून येताना त्यांनी बास्केटबॉलचा खेळ बरोबर आणला होता. त्याचे नियम मुलींना झेपतील असे बदलून त्यांनी तो प्रथम ओसाकात आणि मग मेजिरोत रुजवला. महोत्सवाच्या दिवशी मुली धावत, सामुदायिक व्यायाम करीत, चेंडू टोपलीत टाकण्यासाठी चुरशीने झुंजत. काही जणी तर सायकलवरून कवायत करून दाखवीत. सायकलवर बसलेली तरुणी रस्त्यात दिसली, तर लोकांनी तोंडात बोटे घालावीत, असा तो काळ. हा सोहळा पाहण्यास बाहेरची माणसे गर्दी करीत. कित्येक जण केवळ गंमत पाहायला येत. परंतु धडधाकट, शिस्तबद्ध आणि प्रसन्न मुलींचे ते दृश्य पाहून परतताना त्यांच्या मनातील शंका थोडी तरी सैल झालेली असे. व्याख्यानाने जे साधले नसते, ते एका चेंडूने साधले.

1904 साली पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. त्या मुलींनी एक संघटना स्थापन केली आणि तिला ‘ओफूकाई’ असे नाव दिले. ‘ओ’ म्हणजे चेरी, ‘फू’ म्हणजे मेपल आणि ‘काई’ म्हणजे मंडळ. चेरी वसंतात फुलते. मेपलची पाने शरदात लाल होतात. शाळा सुटली, तरी वर्षाच्या कोणत्याही ऋतूत नाते सुटू नये, अशी तिची रचना होती. या संघटनेने आपले नियतकालिकही चालवले.

पहिल्या तुकडीत उमे तांगे नावाची एक मुलगी होती. लहानपणी हातात जेवणाच्या काड्या असताना ती पडली आणि तिचा एक डोळा कायमचा गेला. दुसऱ्या डोळ्याच्या बळावर तिने रसायनशास्त्राचा ध्यास घेतला. 1913 साली तोहोकू शाही विद्यापीठाने प्रथमच तीन स्त्रियांना प्रवेश दिला. त्या तिघींत उमे तांगे होत्या! पुढे त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेट मिळवली आणि जीवनसत्त्वांवर मोलाचे संशोधन केले.

मेजिरोचा हा दिवा दूरवर दिसू लागला होता. 1915 साली पुण्याजवळील हिंगणे येथे धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टपालाने एक पुस्तिका पडली. तिच्यात जपान महिला विद्यापीठाची माहिती होती. कामाच्या गर्दीत ती काही काळ तशीच बाजूला राहिली. त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरणार होती आणि तिचे अध्यक्षपद कर्वे यांच्याकडे आले होते. भाषणाची तयारी करताना त्यांनी ती पुस्तिका लक्षपूर्वक वाचली, आणि त्यांच्या मनात विचार चमकला : जपानला जे जमले, ते भारताला का जमू नये? त्यांनी परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि लगेच पुढच्या वर्षी, 1916 मध्ये, ती प्रत्यक्षात आणली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात अवघ्या पाच विद्यार्थिनी होत्या. तेच विद्यापीठ पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने नावारूपास आले. पुढे अण्णासाहेब कर्वे जगाच्या प्रवासास निघाले, तेव्हा 1930 साली भारतात परतण्यापूर्वी त्यांनी टोकियोतील महिला विद्यापीठही पाहिले. ज्या दिव्यावरून आपला दिवा लावला, तो डोळ्यांनी पाहण्याचे समाधान त्यांना लाभले.

त्याच 1916 साली आणखी एक थोर भारतीय मेजिरोच्या विद्यार्थिनींना भेटले. ते म्हणजे कविवर्य रवींद्रनाथ ठाकूर. विद्यापीठाचे एक उन्हाळी निवासस्थान कारुइझावा या थंड हवेच्या डोंगराळ गावी होते. 1906 पासून विद्यार्थिनी सुट्टीत तेथे जात. त्याचे नाव ‘सान्सेन्र्‍यो’, म्हणजे तीन झऱ्यांचे निवासस्थान. झाडांच्या सावलीत बसून मुलींनी शांतपणे मनन करावे, निसर्ग पाहावा, वाचलेल्या विचारांवर चर्चा करावी, असा तेथील क्रम असे. नारुसे यांच्या निमंत्रणावरून रवींद्रनाथ त्या ऑगस्टमध्ये तेथे गेले आणि त्यांनी विद्यार्थिनींना ध्यानाविषयी चार गोष्टी सांगितल्या. पुढे 1980 साली कारुइझावात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

1919 च्या आरंभी नारुसे असाध्य आजाराने खंगले होते. दिवस थोडे उरले आहेत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही 29 जानेवारीस ते सभागृहात आले आणि सहकारी व विद्यार्थिनी यांच्यासमोर त्यांनी निरोपाचे भाषण केले. मागे ठेवायला त्यांच्यापाशी इस्टेट नव्हती. त्यांनी कुंचल्याने तीन वचने लिहून दिली. श्रद्धा शेवटपर्यंत ढळू देऊ नये, हे पहिले. स्वतःच्या प्रेरणेने नवे निर्माण करावे, हे दुसरे. आणि एकमेकींच्या साहाय्याने सेवा करावी, हे तिसरे. 4 मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

या वचनांची कसोटी लवकरच लागली. 1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियो आणि आसपासचा प्रदेश भयंकर भूकंपाने हादरला. मागोमाग आगी भडकल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मेजिरोच्या विटांच्या सभागृहाचीही पडझड झाली. परंतु स्वतःच्या भिंतींचा शोक करीत बसण्याची ती वेळ नव्हती. निराधार झालेल्या अर्भकांना दूध कोण देणार, हा प्रश्न शहरापुढे होता. ओफूकाईच्या स्त्रिया इतर स्त्रीसंस्थांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर पडल्या आणि भग्न वस्त्यांत फिरून बाळांना दूध पोहोचवू लागल्या. वसतिगृहात स्वयंपाकाच्या पाळ्या आणि हिशेब सांभाळताना लागलेली शिस्त अशी उपयोगी पडली. सभागृह मागाहून लाकडाने पुन्हा उभारले गेले. ते आजही उभे आहे आणि नारुसे यांच्या नावाने ओळखले जाते.

1948 साली सरकारने या संस्थेला विद्यापीठ म्हणून मान्यता दिली. कागदावरचा शिक्का आला, तेव्हा आतले काम सत्तेचाळीस वर्षे चालू होते. 2021 साली विद्यापीठाला 120 वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने मेजिरोच्या आवाराला नवे रूप मिळाले. तेथील नवे ग्रंथालय आणि इतर नव्या इमारती यांची रचना काझुयो सेजिमा या जगद्विख्यात स्त्री-वास्तुशिल्पकाराने केली आहे. त्या याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी होत. जेथे त्या शिकल्या, तेथेच पुढच्या मुलींसाठी त्यांनी भिंती आणि खिडक्या रेखल्या.

शरद ऋतूत, मेपलची पाने लाल होऊ लागली, की येथे ‘मेजिरो महोत्सव’ भरतो. त्याची तयारी विद्यार्थिनींची समिती कित्येक महिने आधीपासून करते. कोणता कार्यक्रम कोठे व्हावा, पैसा कसा उभारावा, पाहुण्यांची व्यवस्था कोणी पाहावी, हे सारे त्याच ठरवतात. त्या दिवसांत आवाराची दारे सर्वांना खुली असतात. एका बाजूला नृत्य, दुसरीकडे वादन, पलीकडे खाद्यपदार्थांची दुकाने आणि वर्गखोल्यांतून मुलींनी केलेल्या अभ्यासाची प्रदर्शने! एप्रिलमध्ये हातात पत्रके घेऊन बावरून उभी असलेली मुलगी आता पाहुण्यांना वाट दाखवत असते. आणि संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हातात झाडू घेऊन तीच अंगण झाडते.

मुलींना हे जमेल काय, असा प्रश्न 1901 साली लोकांनी विचारला होता. नारुसे यांनी त्याचे उत्तर स्वतः दिले नाही. त्यांनी मैदान दिले, स्वयंपाकघर दिले, हिशेबाची वही दिली आणि ते बाजूला उभे राहिले. उत्तर मुलींनी दिले.

शब्दार्थ

डवरणे – फुलांनी भरून जाणे. निराधार – १. आधार नसलेला, २. खोटा. पेढी – पैशाचे व्यवहार करणारी संस्था. बोलबाला – प्रसिद्धी. अर्भक – तान्हे मूल. मनन – खोल विचार.

अभ्यास

१. मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी लोकांना कोणकोणती भीती वाटत होती? ती दूर करण्यासाठी नारुसे यांनी काय केले?

२. आसाको हिरोओका यांनी विद्यापीठाला साहाय्य का केले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘ओफूकाई’ या नावाचा अर्थ सांगून ते नाव कसे समर्पक आहे, ते स्पष्ट करा.

४. मेजिरोच्या पुस्तिकेचा महर्षी कर्वे यांच्या कार्यावर कोणता परिणाम झाला?

५. ‘व्याख्यानाने जे साधले नसते, ते एका चेंडूने साधले,’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तोंडात बोटे घालणे, खांद्याला खांदा लावणे, नावारूपास येणे.

७. तुमच्या शाळेतील एखादा समारंभ पूर्णपणे विद्यार्थ्यांनी पार पाडायचा आहे, असे समजा. कामांची वाटणी कशी कराल, ते दहा-बारा ओळींत लिहा.