किलोवॅटची बेरीज आणि युनिटचं बिल

उज्जैनला फ्रीगंजातल्या आमच्या घरी सोलरवाला आला, तो थेट उपकरणंच मोजायला लागला. गीझर 2000 वॅट, एसी 1500, इस्त्री 1000, पाण्याची मोटर 750. बेरीज सव्वापाच हजार. ‘‘अंकलजी, पाँच किलोवॉट तो लगेगा ही!’’ विजेचं बिल त्यानं मागितलंसुद्धा नाही, तिथेच मला शंका आली.

वॅट सांगतो वीज या घडीला किती जोरानं खेचली जातेय. बिल येतं ते युनिटचं. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. गीझरचा आकडा भीतिदायक, पण वीस मिनिटांत तो पाऊण युनिटही खात नाही. उलट 75 वॅटचे चार गरीब पंखे दहा तास फिरले की तीन युनिट गेले. नेट मीटर असलं की दिवसाची जादा वीज तारेत जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. म्हणून उपकरणांची नव्हे, वर्षभराच्या बिलांची बेरीज करायची. आमची निघाली 3,800 युनिट.

त्याची दुसरी थाप: ‘‘दस घंटे धूप, तो पाँच किलोवॉट के रोज पचास यूनिट.’’ पॅनेलवर छापलेले वॅट खरे ठरतात ते दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि पॅनेलचं तापमान 25 अंश असेल तेव्हा. सकाळ-संध्याकाळचं ऊन तिरपं. मे महिन्यात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापतं आणि वाढत्या प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण एक-तृतीयांश टक्का घटतं. 21 जूनच्या सुमारास भर दुपारी इथल्या वेधशाळेतल्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते खरी, पण ढगही त्याच दिवसांत जमू लागतात. किलोवॅटला रोज सरासरी चार युनिट धरावेत. म्हणजे तीन किलोवॅटचे वर्षाला 4,380. आम्हाला पुरून उरतील एवढे. शिवाय 2024च्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती अनुदान तीन किलोवॅटला 78,000 रुपयांवर थांबतं. पुढच्या दोन किलोवॅटचा भार आपल्याच खिशावर.

कोटेशनवर ‘वर्षाला अंदाजे इतके युनिट’ असं लिहून मागा. आमच्या पाहुण्यानं ते टाळलं, आम्ही त्याला टाळलं.

आणखी एक. साधी, बॅटरीविना बसवलेली यंत्रणा लाइट गेली की भर उन्हातही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून ती तशीच केलेली असते. बॅटरी हवी असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा: 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर म्हणजे 1.8 युनिट, तेही कागदावर. एसी त्यावर तासभर कसाबसा चालेल.