पडलेली कळ

चुलीतील अग्नी आपले दोष लपवून ठेवीत नाही. लाकूड ओले असले तर धूर होतो, जाळ मोठा झाला तर भांडे करपते, आणि ठिणगी उडाली तर ती डोळ्यांना दिसते. पिढ्यान्‌पिढ्या गृहिणींनी हा अग्नी नुसत्या नजरेने सांभाळला. विजेचे तसे नाही. ती वाहते तेव्हा दिसत नाही आणि वाट सोडून भलतीकडे शिरली तरी तिची चाहूल लागत नाही. म्हणून वीज स्वयंपाकघरात आली, तेव्हा तिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारे राखणदारही तिच्याबरोबर आणावे लागले. विजेचा ओव्हन कसा चालतो आणि तो बंद पडला असता काय करावे, हे समजून घ्यावयाचे तर या राखणदारांची ओळख करून घेतली पाहिजे.

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. या उष्णतेचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, असे त्याने प्रयोगाने दाखविले. पुढे १८९२ साली कॅनडातील ओटावा शहरी टॉमस अहर्न या उद्योजकाने एका हॉटेलातील मेजवानीचे पदार्थ विजेच्या भट्टीत शिजवून लोकांना थक्क केले. परंतु एक अडचण होती. साधी लोखंडी तार लाल होईपर्यंत तापविली की हवेतील प्राणवायूने ती खंगत जाते आणि लवकरच तुटते. १९०६ साली अमेरिकेतील अल्बर्ट मार्श याला निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले. ही निक्रोमची तार तापली की तिच्यावर एक पातळ, चिवट कवच तयार होते व तेच तिचे रक्षण करते. आजच्या ओव्हनमध्ये अशाच तारेचे वेटोळे धातूच्या नळीत बसविलेले असते. नळी व तार यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी घट्ट भरलेली असते. ही भुकटी उष्णतेला वाट देते, पण विजेला देत नाही. नळीसकट या साऱ्याला हीटरचा रॉड म्हणतात.

पहिला राखणदार ओव्हनच्या आतच असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. साध्या ओव्हनमध्ये तो दोन निरनिराळ्या धातूंच्या, एकमेकींना जोडलेल्या पट्ट्यांचा असतो. तापल्यावर एक धातू अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे जोडपट्टी वाकते व प्रवाह तुटतो. निवाली की ती सरळ होते व प्रवाह पुन्हा सुरू होतो. ओव्हनवरील छोटा दिवा मधूनमधून विझतो व लागतो, तो यामुळेच. तो बिघाड नव्हे.

दुसरा राखणदार भिंतीवरील पेटीत असतो. त्याला एमसीबी म्हणतात. पूर्वी त्याच्या जागी फ्यूजची बारीक तार असे. प्रवाह अधिक झाला की ती वितळून जाई. एमसीबी वितळत नाही. तिची कळ खाली पडते. प्रवाह थोडासा अधिक झाला तर आतील जोडपट्टी हळूहळू तापून वाकते आणि कळ पाडते. तारा एकमेकींना चिकटून प्रवाह एकदम उसळला तर आतील विद्युतचुंबक क्षणार्धात कळ ओढून घेतो.

तिसरा राखणदार सर्वांत सावध. त्याचे नाव आरसीसीबी. घरात किती वीज गेली व किती परत आली, याचा हिशेब तो अखंड ठेवतो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर वीज कोठेतरी गळत आहे, हे तो ओळखतो. घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या आरसीसीबीत ही तफावत ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचण्याच्या आत कळ पडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला इतकीशी गळती जाणवतही नाही. तिच्या मानाने तो प्रवाह पाचशे पटींहून लहान असतो. मनुष्याच्या छातीतून मात्र याहून थोडासा अधिक प्रवाह काही क्षण वाहिला तरी हृदयाची लय बिघडून प्राण जाऊ शकतो. थोडक्यात सांगायचे तर, एमसीबी तारेचे रक्षण करते आणि आरसीसीबी माणसाचे.

ओव्हन तापला नाही म्हणजे तो बिघडलाच, असे समजू नये. शोध नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करावा. भिंतीवरील बटण चालू आहे काय? प्लग नीट बसला आहे काय? वेळेची कळ शून्यावर तर आलेली नाही? पुष्कळ ओव्हन ती कळ फिरविल्यावाचून तापतच नाहीत. काही नव्या ओव्हनमध्ये आकड्यांचे घड्याळ असते. वीज जाऊन आली की त्याचे आकडे लुकलुकू लागतात आणि वेळ पुन्हा लावीपर्यंत ओव्हन काम करीत नाही. किल्लीचे चिन्ह दिसत असेल तर लहान मुलांसाठी असलेले कुलूप लागलेले असते. कधी आतील यंत्रणा नुसतीच गोंधळलेली असते. अशा वेळी ओव्हन बंद करून प्लग काढावा, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा लावावा. यंत्रणेत उरलेली वीज संपते आणि ती नव्याने कामाला लागते.

एमसीबी पडली असेल तर हिशेब करावा. समजा, एकाच वाहिनीवर २००० वॅटचा ओव्हन, २००० वॅटचा गीझर व १५०० वॅटची पाणी तापविण्याची किटली चालू आहे. बेरीज ५५०० वॅट झाली. आपल्याकडे घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. ५५०० ला २३० ने भागले असता सुमारे २४ अँपिअर येतात. १६ अँपिअरची कळ हा भार सोसणार नाही. काही वेळाने ती पडेलच. येथे दोष ओव्हनचा नव्हे, एकाच वेळी सारी कामे उरकण्याच्या घाईचा. भार कमी करावा, कळ निवू द्यावी आणि मगच मोठ्या माणसाने ती वर करावी.

परंतु सर्वच कारणे इतकी सरळ नसतात.

एका घरी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात नानकटाईचा घाट घातला होता. ओव्हन सुरू करताच घरातील सारे दिवे गेले. शेजारी मात्र उजेड होता. सातवीतील मुलीने विजेरी धरली व आईने पेटी पाहिली. एमसीबीच्या कळा जागच्या जागी होत्या. शेजारची, चाचणीचे छोटे बटण असलेली रुंद कळ खाली आली होती. थोरल्या भावाने ती चटकन वर केली. ती लगेच पडली. त्याने पुन्हा वर केली; पुन्हा पडली. तो तिसऱ्यांदा हात उचलणार, तोच आईने त्याला थांबविले.

"अरे, ती तीनदा पडते आहे ती उगीच नव्हे," आई म्हणाली. "आधी ओव्हनचा प्लग काढ. नुसते बटण बंद करून भागायचे नाही. बटणाने एकच तार तुटते. बाकीच्या जोडलेल्याच राहतात. हात कोरडे कर, आणि वायर न ओढता प्लग धरून काढ."

प्लग निघाला. आईने कळ वर केली. या वेळी ती वरच राहिली आणि घर उजळले. गळती कोठे होती, हे आता उघड झाले.

भाऊ विचारात पडला. मग म्हणाला, "आई, याला दोन टोकांचा प्लग लावू या. मागे एकाने तसे केले होते. मग कळ पडली नाही म्हणे."

"पण दादा," बहीण म्हणाली, "तिसरे टोक कशाला ठेवले असेल मग?"

तिचा प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. तीन टोकांच्या प्लगमधील मोठे, लांब टोक अर्थिंगचे असते. आत जाताना ते सर्वांआधी टेकते व बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते. ओव्हनच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर ती या वाटेने जमिनीत निघून जाते. जाणारी वीज परतत नाही, हिशेब चुकतो आणि कळ पडते. ते टोकच काढून टाकले तर गळलेल्या विजेला वाट उरत नाही. कळ पडत नाही आणि दोष गेला असे वाटते. प्रत्यक्षात वीज ओव्हनच्या दारावर दबा धरून बसते, आणि जो पहिला हात दाराला लागेल त्याच्या शरीरातून ती वाट काढते. म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड दाबले; चोर घरातच राहिला.

आईने ओव्हन बाजूला ठेवला. नानकटाईचे पत्रे त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजून आणले. दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन आला. त्याने मेगर लावून हीटरचा रॉड तपासला. खालच्या रॉडच्या नळीला बारीक चीर गेली होती. पावसाळ्यात चार महिने ओव्हन वापरात नव्हता. त्या चिरेतून आतील भुकटीत ओल शिरली होती.

"काका, कळ पडली नसती तर?" मुलीने विचारले.

"तर पत्रा काढायला गेलेल्या हाताला धक्का बसला असता, बाळ," वायरमन म्हणाला, आणि नवा रॉड बसवू लागला.

वीज हाताळताना काही गोष्टी मुलांनी स्वतः करू नयेत. उपकरणाचे झाकण उघडणे किंवा पेटीत हात घालणे हे त्यांचे काम नव्हे. जळका वास आला, ठिणगी दिसली, अंगाला झिणझिण्या आल्या, किंवा कळ पुन्हा पुन्हा पडू लागली, तर लांब राहून मोठ्या माणसाला बोलवावे. पण पाहणे, आठवणे व सांगणे हे काम मुलेही उत्तम करू शकतात. कोणती कळ पडली, त्या वेळी काय काय चालू होते, दिवे घरातलेच गेले की शेजारचेही गेले, एवढे जरी नीट सांगता आले तरी अर्धा शोध पुरा होतो.

कळ वर करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती का पडली हे कळले म्हणजे दुरुस्तीला प्रारंभ होतो. पडलेली कळ आपले काम अडविते, म्हणून तिचा राग येणे साहजिक आहे. पण राखणदाराने हाक दिली असता त्याच्यावर रागावण्यापूर्वी, त्याने काय पाहिले हे विचारावे.

स्वाध्याय

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) निक्रोमची तार तापली तरी लवकर का तुटत नाही?
(आ) आरसीसीबी कोणता हिशेब ठेवते?
(इ) ओव्हनचे नुसते बटण बंद न करता आईने प्लग का काढावयास लावला?

२. 'एमसीबी तारेचे रक्षण करते आणि आरसीसीबी माणसाचे' हे विधान स्पष्ट करा.

३. 'पहारेकऱ्याचे तोंड दाबले. चोर घरातच राहिला' या वाक्यात पहारेकरी कोण व चोर कोण?

४. एका वाहिनीवर २००० वॅटचा ओव्हन व ३०० वॅटचा पंखा चालू आहे. दाब २३० व्होल्ट असल्यास प्रवाह किती अँपिअर होईल? १६ अँपिअरची कळ पडेल काय?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: डोळ्यांत तेल घालणे, दबा धरून बसणे, मर्मावर बोट ठेवणे.

६. आपल्या घरातील विजेच्या पेटीत कोणकोणत्या कळा आहेत, हे वडील माणसांबरोबर लांबून पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा.