‘दूध पुरत नाही’ असं म्हणण्याआधी

सून किंवा लेक बाळंत झाली की आपण आज्या हमखास विचारतो, “दूध पुरतंय का गं?” विचारतो मायेनेच. पण अंगावर भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. तोवर येतो तो पिवळसर चीक, चमचाभर. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी ५ ते ७ मिलिलिटरच घेतं, त्याला तेवढं पुरतं. हे माहीत नसलेली पोर आपल्या प्रश्नाने धास्तावते. धास्तीने पान्हा सुटायला वेळ लागतो, बाळ रडतं आणि वरच्या दुधाचा डबा घरात येतो.

आईच्या या विश्वासाचं मोजमाप करता येतं. कॅनडातील सिंडी-ली डेनिस यांनी १९९९ मध्ये त्यासाठी प्रश्नावली केली. २००३ मध्ये तिची १४ विधानांची छोटी आवृत्ती आली. ज्यांचे गुण कमी, त्या आया लवकर पाजणं सोडतात, असं पुष्कळ ठिकाणी दिसलं. विश्वास येतो कशाने? आधीच्या अनुभवाने, दुसरीला पाजताना पाहून, धीराच्या शब्दाने आणि अंगाला मिळालेल्या विश्रांतीने.

ओमानमध्ये सोहारला नोकरीत असताना मी हे रोज पाहिलं. ओमानी बाळंतिणीभोवती आई, बहिणी, जावा असत. मेथी, म्हणजे त्यांची हिल्बा, घरून येई, आपल्या मेथीच्या लाडवांसारखीच! पाजणं तिने लहानपणापासून पाहिलेलं. आपल्याकडची मुलगी मात्र फ्लॅटमध्ये एकटी, नवरा कारखान्यात पाळीवर, आई फोनवर. दूध तिलाही यायचं, पण “येतंय” असं सांगणारं जवळ कुणी नसायचं.

उन्हाळ्यात तिथे पारा चाळिशीच्या वर जातो. “घोटभर पाणी पाजू का?” हा प्रश्न रोजचाच. सहा महिने पाणी नको. आईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असतं. मध, घुटीही नको.

मिलाच्या आठव्या दिवशी घर पाहुण्यांनी भरतं. त्या दिवशी बाळंतिणीला पाजायला एक खोली मोकळी ठेवा. एवढं काम आजीचं.

फोनवर “पुरतंय का?” ऐवजी “दिवसात किती लंगोट ओले झाले?” असं विचारा. पाचव्या दिवसानंतर सहा किंवा जास्त हवेत. जन्माचं वजन दोन आठवड्यांत भरून यावं. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं, त्यात त्यांचा दोष नाही. बाळ सुस्त पडलं, पिवळं दिसलं किंवा लघवी कमी झाली, तर धीर देत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.