पात्राला नाटकाचं नाव ठाऊक नसतं

ओजिमा, कोतो, टोकियो

चि. सानिका हिस,


शेक्सपिअरच्या नाटकांवरचा तुझा निबंध दादाने पाठवला, तो दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, वाचनही पुष्कळ केलेलं दिसतंय. पण सगळी पानं एकाच चालीची झाली आहेत. आधी आशयसूत्राचं नाव, मग त्याखाली पात्र साक्षीला उभं. मॅक्‌बेथ म्हणजे महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लो म्हणजे मत्सर, हॅम्लेट म्हणजे दिरंगाई. असं लिहिलं की मार्क मिळतात हे मलाही माहीत आहे. मीही वर्षानुवर्षं असले पेपर तपासलेत आणि मार्क दिलेत. पण तुला पुढे एम.ए. करायचंय म्हणतेस, तर ही सवय आत्ताच मोडलेली बरी.

एक बारीक गोष्ट आधी सांगून टाकते. राणी एलिझाबेथ १६०३ च्या मार्चमध्ये वारली. ‘लिअर’ आणि ‘मॅक्‌बेथ’ तिच्यानंतरची, जेम्स राजाच्या काळातली. प्रश्नपत्रिका ‘एलिझाबेथकालीन’ म्हणत असली तर तू म्हण, काही बिघडत नाही. पण एका वाक्यात ती जाण दाखव.

आता मुख्य मुद्दा. सुखात्मिका, शोकात्मिका आणि ऐतिहासिक नाटक ही तीन खोकी तू पक्की धरून बसली आहेस, आणि प्रत्येक खोक्याला आपलं आशयसूत्र असतं असं मानून चालली आहेस. ती विभागणी ठळकपणे केली कुणी? शेक्सपिअर १६१६ साली गेला. सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या नाटकमंडळीतल्या दोघा नटांनी छत्तीस नाटकं एका मोठ्या ग्रंथात छापली आणि तीन मथळ्यांखाली लावली. त्याआधीच्या सुट्या पुस्तिका बघ. ‘लिअर’ १६०८ मध्ये छापलं तेव्हा मुखपृष्ठावर तो ‘इतिहास’ होता. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’सुद्धा १६०० साली ‘इतिहास’च होतं. दुसरा आणि तिसरा रिचर्ड मात्र तेव्हा ‘शोकात्मिका’ होते, ते नंतर इतिहासात जाऊन बसले. ही काही छापखान्याची बेफिकिरी नव्हे. रंगमंचावर आलेल्या माणसाला आपण कोणत्या खोक्यात आहोत हे ठाऊकच नसतं. शायलॉकला कुणी सांगितलं नव्हतं की हे सगळं गोड शेवटासाठी चाललंय. मॅल्व्होलिओला पिवळे मोजे घालायला लावून सगळे हसतात, शेवटी जोड्या जुळतात, आणि हा एकटा सूड घेण्याची धमकी देऊन निघून जातो. तो त्या क्षणी दुसऱ्याच कुठल्यातरी नाटकात आहे. त्याच्यावर तू दोन ओळी लिहिल्यास, ‘ढोंगीपणा’ या सदराखाली. दोन पानं लिहायला हवी होतीस.

मी हे इतक्या हट्टाने सांगतेय त्याला या वस्तीचाही हात आहे. आमच्या कोतोला लोक फ्लॅट आणि मेट्रोचा नकाशा एवढंच समजतात. आपल्याकडची बरीच आयटीवाली कुटुंबं ओजिमात राहतात, मुलांची भारतीय शाळा आहे, भाजीवाल्याकडे कढीपत्ता मिळतो. त्यापलीकडे फारसं कुणी बघत नाही. पण या कोतोतूनच काबुकीचं सगळ्यात मोठं ऐतिहासिक नाटक चालत गेलं आहे, आणि त्याच्याच पोटातून निघालेलं सगळ्यात भयंकर नाटकही इथेच वाहत आलं आहे.

‘चुशिंगुरा’चं नाव तू ऐकलं असशील. १७०१ साली एका सरदाराला हाराकिरी करावी लागली; त्याच्या सत्तेचाळीस निराश्रित सामुराईंनी, म्हणजे रोनिनांनी, १७०३ च्या सुरुवातीला शत्रूचं डोकं कापून धन्याचा सूड घेतला. होंजोतल्या शत्रूच्या वाड्यातून मंडळी धन्याच्या थडग्याकडे निघाली ती आताच्या कोतोतूनच. एइताई पुलाजवळ ती विसावली त्या जागी स्मारकाचा दगड आहे. १७४८ मध्ये यावर कठपुतळ्यांचं नाटक आलं, पाठोपाठ काबुकीत आलं. चालू राजवटीतली प्रकरणं रंगमंचावर दाखवायला शोगुनाची मनाई, म्हणून नाटककारांनी सगळी गोष्ट चौदाव्या शतकात नेऊन ठेवली आणि नावं बदलली. आपल्या सांगलीच्या खाडिलकरांनी ‘कीचकवधा’त कर्झनला महाभारतात नेऊन बसवलं, तोच प्रकार. इंग्रज सरकारने १९१० मध्ये ते नाटक बंद पाडलं तेव्हा त्याला कळलं होतं की कीचक कोण. आणि लंडनमध्ये १६०१ च्या फेब्रुवारीत राणीविरुद्ध उठलेल्या अर्ल ऑफ एसेक्सच्या माणसांनी नटांना चाळीस शिलिंग जादा देऊन ‘दुसरा रिचर्ड’ करायला लावलं, राजाला पदच्युत करण्याचं नाटक, बंडाच्या आदल्या दिवशी. ‘ऐतिहासिक नाटकांचं आशयसूत्र राष्ट्राभिमान’ असं तू लिहिलंयस, ते एसेक्सला वाचून दाखवायला हवं होतं.

त्यानंतर आला काबुकीचा नाटककार चौथा त्सुरुया नानबोकू. कोतोतल्याच मोन्झेन-नाकाचोच्या दक्षिणेला कुरोफुने इनारीचं एक छोटं देऊळ आहे, त्या भागात हा म्हातारपणी राहिला आणि १८२९ मध्ये तिथेच वारला. १८२५ मध्ये, सत्तरीत, त्याने ‘योत्सुया काइदान’ लिहिलं. पहिला प्रयोग एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, नाकामुरा-झा नाट्यगृहात झाला, आणि तो स्वतंत्र नव्हता. ‘चुशिंगुरा’चे आणि याचे अंक दोन दिवसांत आलटूनपालटून केले गेले. तिकडे स्वामिनिष्ठा, इकडे त्याच धन्याचा दुसरा एक रोनिन, इएमोन, छत्र्यांना कागद चिकटवून पोट भरतोय. तो सासऱ्याचा खून करतो आणि बायकोला, ओइवाला, वर सांगतो की तुझ्या बापाचा सूड मीच घेईन. शत्रुपक्षाच्या श्रीमंत घराशी सोयरीक जमते म्हटल्यावर तो तिला टाकायला तयार होतो. त्या घरून आलेल्या ‘औषधा’ने ओइवाचा चेहरा विद्रूप होतो आणि पुढे ती मरते. कोहेई नावाचा नोकर आहे. त्याने आपल्या जुन्या आजारी धन्यासाठी इएमोनच्या घरचं औषध चोरलेलं असतं, आणि तो धनी सूड घेणाऱ्या निष्ठावंतांपैकी एक! इएमोन कोहेईलाही मारतो, दोन्ही प्रेतं एका दाराच्या फळीला दोन बाजूंनी ठोकतो आणि पाण्यात सोडतो. पुढे ओनबोच्या कालव्यावर तो मासे धरत बसलेला असताना फळी तरंगत येते. एका बाजूला ओइवा, उलटली की कोहेई. पहिल्या प्रयोगात ओनोए किकुगोरोने दोघांचीही कामं केली, एकाच फळीवर. हा कालवा म्हणजे कोतोतलाच, आताच्या इवाई पुलाच्या जवळपासचा. आमच्या घरापासून पायी जाता येतं.

आता तुझ्या पद्धतीने विचारते. आशयसूत्र काय? स्वामिनिष्ठा म्हणालीस तर सगळ्यात निष्ठावंत माणूस इथे चोर आहे आणि फळीला ठोकलेला आहे. सूड म्हणालीस तर सूड घेण्याचं वचन देणारा स्वतःच खुनी. नानबोकूने निष्ठेविरुद्ध भाषण लिहिलं नाही. त्याने निष्ठेच्या नाटकात एक भुकेला, देखणा, आळशी माणूस सोडला आणि काय होतं ते बघत राहिला.

शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’मध्ये नेमकं हेच केलं, फक्त त्याच्या भुकेल्या माणसाचं पोट फार मोठं होतं. हॉटस्पर मान-प्रतिष्ठेसाठी जीव द्यायला निघालाय, आणि त्याच रणभूमीवर फॉलस्टाफ विचारतो की प्रतिष्ठेने तुटलेला पाय जोडता येतो का. कोण बरोबर, हे नाटक सांगत नाही. आणखी एक बघ : खरा हॉटस्पर राजा हेन्रीपेक्षाही तीनेक वर्षांनी मोठा होता, राजपुत्र हॅलहून वीसेक वर्षांनी. शेक्सपिअरने त्याला हॅलच्या वयाचा केला. कारण हॅलच्या बापाला, राजाला, हे म्हणता यायला हवं होतं की पाळण्यात पोरांची अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं. इतिहास वाकवला तो एका बापाच्या सलासाठी. कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ तू पाहिलं आहेस. शिवाजी आणि संभाजी, राज्य आणि घर. तिथेही आपल्याला राज्याभिषेकापेक्षा बापलेकाचा अबोला लक्षात राहतो.

आता ‘लिअर’. ‘कृतघ्न मुलं’ एवढ्यावर तू तो आटपलास. कुरोसावाचा चित्रपट ‘रान’ (१९८५) आणि शिरवाडकरांचा ‘नटसम्राट’ (१९७०) त्याच्या शेजारी ठेवून बघ. कुरोसावाने लिअरला भूतकाळ दिला. त्याचा हिदेतोरा आयुष्यभर गढ्या जाळत, लोकांची घरं बुडवत आलेला. त्याच्या एका सुनेच्या माहेराचा निर्वंश त्यानेच केलाय. म्हणून वादळात तो भटकतो तेव्हा आपल्याला वाटतं, हिशेब चुकता होतोय. शिरवाडकरांनी आपल्या म्हाताऱ्या नटाला, बेलवलकरांना, दोन गोष्टी दिल्या, व्यवसाय आणि कावेरी. लिअरच्या नाटकात राणी नाहीच. इथे बायको आहे, स्वाभिमानी, नवऱ्याआधी धोका ओळखणारी. त्यामुळे नाटक मुलांच्या कृतघ्नतेवरून सरकून म्हातारा-म्हातारीच्या संसाराकडे आणि नटाच्या उतरलेल्या मुकुटाकडे येतं. शेक्सपिअरच्या लिअरला यातलं काहीच नाही. त्याला वादळात पहिल्यांदा उघड्यावर कुडकुडणारी गरीब माणसं आठवतात, ज्यांची राजा असताना त्याने पर्वा केली नव्हती. गोष्ट तीच, घराबाहेर पडलेला म्हातारा. पात्र बदललं आणि आशयसूत्र तीन ठिकाणी गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे : सूत्र माणसाच्या मागून येतं, पुढून नाही.

बेन जॉन्सनचं उदाहरण उलट बाजूने घे. ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ (१५९८) मध्ये शेक्सपिअरने स्वतः काम केलं होतं. तिथे माणसं एकेका खोडीवर बेतलेली आहेत, एकाला संशय, एकाला बढाई. मजा येते, पण घरी येताना त्यांच्यापैकी कुणी आपल्याबरोबर येत नाही. तू शेक्सपिअरची माणसं जॉन्सनच्या मापाने शिवते आहेस.

म्हणून आता ‘ऑथेल्लो’वरचं पान फाड आणि परत लिही. ‘मत्सर’ बाजूला ठेव आणि दुसऱ्या अंकातली मारामारी वाच. रात्री दंगा होतो, ऑथेल्लो येतो, दोघातिघांना विचारतो, आणि तिथल्या तिथे कॅसिओला नोकरीवरून काढतो. सेनापती म्हणून हे शोभतं, छावणीत खल करत बसायला वेळ नसतो. हीच सवय तो घरात आणतो. मत्सर त्या नाटकात इआगोला आहे, बियांकालाही आहे. त्या दोघांच्या मत्सराने डेस्डिमोनाचा जीव गेला नसता, निदान एका रात्रीत तरी. देवलांनी १८९० मध्ये ‘झुंझारराव’ केलं तेव्हा व्हेनिस गेलं, सायप्रस गेलं, तरी नाटक मराठी रंगभूमीवर उभं राहिलं ते या घाईने निकाल देणाऱ्या शूर माणसामुळे, असं मला वाटतं. आणि खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’मध्ये काय केलं बघ : पेशव्याला हॅम्लेटचा स्वभाव दिला आणि त्याच्या कानाशी केशवशास्त्री नावाचा इआगो बसवला. डळमळीत मनाला विष पाजणारा भेटला तर काय, हा प्रश्न शेक्सपिअरने विचारला नव्हता. तो पेशवाईच्या इतिहासात विचारला गेला. तुझ्या तिन्ही खोक्यांची भिंत तिथे पडते, आणि हे उदाहरण तुझ्या वर्गातलं दुसरं कुणी लिहिणार नाही.

वाचताना एकच शिस्त पाळ. प्रत्येक प्रवेशाच्या कडेला पेन्सिलीने लिही : या माणसाला आत्ता कुणाकडून काय हवंय. विशेषण लिहू नकोस, क्रियापद लिही. ‘लेडी मॅक्‌बेथ क्रूर आहे’ नको. ‘नवऱ्याला भित्रा म्हणते’ हवं. स्वगतं मोठ्याने वाच, घरात हसले तरी. आणि गप्प असणाऱ्यांवर नजर ठेव. एमिलिया रुमाल उचलते, नवऱ्याला देते, आणि पुढे डेस्डिमोना तो शोधत असते तेव्हा समोर असून खरं सांगत नाही. का? तिचं ते खरं दडवून गप्प बसणं आणि शेवटी जिवावर उदार होऊन बोलणं, यावर निबंधाची सुरुवात करून बघ.

विंदांचा ‘राजा लिअर’ दादाच्या कपाटात वरच्या फळीवर असेल, तो मागून घे. नवा खर्डा दिवाळीच्या सुटीत पाठव. मॅल्व्होलिओला दोन पानं दिलीस की नाही ते मी आधी बघणार आहे.

वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

तुझी,
आत्या