मातींतून निघालेलें स्पॅनिश रुपें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मेन या संस्थानांत बॅगाड्यूस नांवाची नदी आहे. 1840 च्या नोव्हेंबरांत तिच्या कांठीं ग्रिंडल नांवाच्या पितापुत्रांस मातींत रुप्याचें एक नाणें दिसलें. खणतांच आणखी निघालीं. पण बर्फ पडल्यामुळें उरलेला शोध पुढल्या वसंतापर्यंत राहिला. या ठेव्यांत फ्रान्सचीं, मॅसॅच्युसेट्स वसाहतीचीं व स्पॅनिश अमेरिकेंतील नाणीं एकत्र होतीं. नदीच्या मुखाशीं कास्तीन नामक फ्रेंच सरदाराचें व्यापारी ठाणें होतें. युद्धाच्या धामधुमींत त्याच्याच घराण्यानें हा ठेवा लपविला असावा, असा विद्वानांचा तर्क आहे.

असे तर्क कसे करितात? ठेव्यांतील सर्वांत अलीकडचें नाणें ज्या वर्षीं पाडलें, त्यापूर्वीं तो पुरलेला असणें शक्य नाहीं. मात्र नाण्यावरील सन डोळे मिटून मानूं नये. मॅसॅच्युसेट्सच्या पाइन वृक्षाच्या शिलिंगावर 1652 हा सन असतो. तीं वस्तुतः 1667 पासून 1682 पर्यंत पाडलेलीं आहेत!

स्पॅनिश नाण्यांत आठ रेआलांचें नाणें मुख्य. वजन सुमारें 27 ग्राम, म्हणजे आपल्या जुन्या चांदीच्या दोन रुपयांहून थोडें अधिक. रुप्याच्या कांबेचा तुकडा तोडून, कातरीनें कडा छाटून वजन जुळवीत व हातोड्यानें ठसा मारीत. त्यामुळें तीं इतकीं ओबडधोबड दिसतात कीं, आमचे विद्यार्थी पत्र्याचे तुकडे समजून फेंकून देतील. तथापि त्यांवर टांकसाळीचें व पारख्याचें अक्षर शोधावें. ‘पी’ हें रोमन अक्षर पोटोसीचें. आजच्या बोलिव्हियांतील हा रुप्याचा डोंगर स्पॅनिश लोकांस 1545 सालीं सांपडला. तेथील मूळच्या रहिवाशांस त्यांनीं खाणींत सक्तीनें राबविलें. 1649 च्या सुमारास या टांकसाळींत तांबें अधिक मिसळल्याचा गोलमाल उघडकीस आला. पारखी व एक धनाढ्य रुप्याचा व्यापारी यांस देहांत शासन झालें, आणि 1652 पासून ठसाच बदलण्यांत आला. असेंच रुपें जहाजांतून सुरतेस येई व वितळून त्याचे रुपये होत.

मातींत रुप्यावर काळी पुटें चढतात. तीं चिंच लावून घांसल्यास अक्षरें झिजतात. नाणें किती खोल व कोणत्या नाण्यांजवळ होतें, हें टिपून ठेवणें अधिक महत्त्वाचें. बॅगाड्यूसचा ठेवा हातोहात पांगला; त्यामुळें तीं सर्व नाणीं एकत्र मांडून वरील तर्क आज पडताळतां येत नाहीं.