केर, खतावणी आणि विश्वस्तवृत्ती : उद्योगनेतृत्व व पर्यावरणीय नवनिर्मिती

रायपूरचा सदर बाजार ही सोन्याचांदीची पेठ आहे. कोणत्याही सराफी पेठेप्रमाणे येथेही केर हा टाकून देण्याचा पदार्थ नव्हे. कानशीतून उडालेला कीस, फुटलेल्या मुशींची खापरे, भट्टीची राख आणि कारागिरांनी हात धुतलेले पाणी जपून ठेवणे व त्यातून धातूचे कण वेगळे काढणे हा या व्यवसायाचा जुना रिवाज आहे. हे काम करणाऱ्यास मराठीत झारेकरी म्हणतात, हिंदीत न्यारिया. नदीच्या वाळूतून सोने धुणाऱ्या सोनझऱ्यांचे नावही याच कुळातले. रतनपूरला १७५८ मध्ये बिंबाजी भोसल्यांची सत्ता सुरू झाल्यापासून मराठी ज्या मुलखात हिंदी व छत्तीसगढी यांच्या शेजारी नांदत आली, त्या मुलखात हे तिन्ही शब्द एकमेकांजवळ आढळावेत यात नवल नाही. दागिना घडताना होणाऱ्या झिजेला ‘घट’ म्हणतात. ती गिऱ्हाइकाच्या हिशेबात धरली जाते. सोन्याचा जो कण हातातून सुटतो, तोही खतावणीतून सुटत नाही.

परंतु याच व्यवहाराला दुसरी बाजू आहे. सोने शुद्ध करताना तेजाबाची जी वाफ निघते, ती कोणत्याही खात्यात जमा होत नाही. ती गल्लीत जाते. एकाच हाताखालून दोन प्रकारचा केर निघतो. एकाला भाव आहे म्हणून तो राखला जातो. दुसऱ्याला भाव नाही म्हणून तो शेजाऱ्याच्या श्वासात सोडला जातो. उद्योगाचे नेतृत्व पर्यावरणपोषक नवनिर्मितीस उत्तेजन कसे देते, हा आज व्यवस्थापनशास्त्राचा विषय मानला जातो. या दोन केरांतील भेद ध्यानात घेतल्यास त्या प्रश्नाचा खरा गाभा हाती येतो. ज्या टाकाऊ वस्तूला भाव आहे, तिच्यासाठी बाजार पुरेसा असतो. नेतृत्वाची कसोटी लागते ती भाव नसलेल्या केराच्या बाबतीत.

सदर बाजारापासून काही मैलांवर असलेल्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत हाच भेद फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. तेथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांत लोहखनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून खनिजातील प्राणवायू काढून टाकतात. भट्टीतून निघणारा वायू अतिशय तप्त असतो. प्रारंभी ही उष्णता वाया जाई. पुढे अनेक कारखान्यांनी त्या वायूवर बॉयलर तापवून वीजनिर्मिती सुरू केली. भट्टीतून उरणारा अर्धवट जळलेला कोळसाही इंधन म्हणून उपयोगात आला. अशा काही प्रकल्पांना क्योटो करारातील व्यवस्थेनुसार कार्बन-पतही मिळाली. ही पर्यावरणीय नवनिर्मिती होय, यात शंका नाही. पण तिची जात झारेकऱ्याची आहे. वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज होते आणि विजेला दर असतो.

त्याच भट्टीच्या धुळीची कथा निराळी आहे. धूळ पकडणारे विद्युत्-यंत्र स्वतः वीज खाते आणि ते बंद ठेवले तरी लोखंडाचे उत्पादन थांबत नाही. छतांवर, अंगणांत आणि तळ्यांच्या पाण्यावर बसणाऱ्या काळ्या थराची तक्रार रायपूर परिसरातील लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. उष्णता पकडण्याची बुद्धी आणि धूळ पकडण्याची बुद्धी यांत तांत्रिक अंतर फारसे नाही. दोन्ही विद्या उपलब्ध आहेत. अंतर आहे ते हिशेबाचे. त्यामुळे कारखान्याच्या प्रमुखाने कोणते नुकसान आपले मानावे, हा प्रश्न प्रथम नैतिक ठरतो आणि त्यानंतर तांत्रिक.

या प्रश्नाची सर्वांत मूलगामी मांडणी रायपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्याच प्रांतातील वर्धा येथे झाली, हे विसरता येत नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ मध्ये झाली, तेव्हा जमनालाल बजाज या व्यापाऱ्याने वर्ध्यातील आपली बाग संघाच्या स्वाधीन केली. तिलाच मगनवाडी हे नाव मिळाले. धनिकाने स्वतःस संपत्तीचा धनी न मानता विश्वस्त मानावे, ही गांधीजींची कल्पना तेथे व्यवहारात उतरली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अर्थव्यवहाराच्या पायऱ्या निसर्गातील दृष्टान्तांनी दाखविल्या आहेत. दुसऱ्याने वाढविलेल्या झाडावर ताव मारणारे माकड खालच्या पायरीवर आहे, समूहासाठी मध साठविणारी मधमाशी वरच्या, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरविणारी पक्षीण सर्वांत वर. साहित्याच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट लक्षणीय वाटावी. आज ‘शाश्वत’ या विशेषणाने जे रूक्षपणे सांगितले जाते, ते कुमारप्पांनी जवळजवळ बोधकथेच्या रीतीने सांगितले.

मगनवाडीचे प्रयोगही याच दृष्टीचे फळ होते. वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप आणि धूर बाहेर नेणारी मगनचूल ही त्यांतील ठळक उदाहरणे. चुलीच्या धुराला बाजारात भाव नव्हता. त्याची किंमत स्वयंपाक करणारी स्त्री डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी देत होती. ती किंमत पाहणारा कोणी निघाला, तेव्हा चूल बदलली.

आधुनिक कंपनीच्या चौकटीत विश्वस्तवृत्तीची भाषा टिकते काय, याचे उत्तर शोधताना खानदेशातील भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांचे उदाहरण विचारात घ्यावे लागते. अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या वाकोद गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थांनी कायद्याचे शिक्षण घेतल्यावर सरकारी अधिकारपद नाकारून रॉकेलच्या विक्रीपासून धंद्यास प्रारंभ केला. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा बंद कारखाना घेतला. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आणि १९८० नंतरच्या दशकात ठिबक सिंचन हा त्यांच्या उद्योगाचा कणा झाला. ठिबकचे तंत्र इस्राएलमध्ये विकसित झाले होते. जळगावचे कर्तृत्व ते लहान शेतकऱ्याच्या शेतात आणण्यात आहे. नळीबरोबर कृषितज्ज्ञ गेला, प्रशिक्षण गेले, ऊतिसंवर्धित केळीचे रोप गेले. जळगावजवळील उजाड टेकडीवर त्यांनी पाणी अडविण्या-जिरविण्याचे प्रयोग केले आणि शेतकऱ्यांना ते पाहावयास बोलाविले. १९९७ मध्ये अमेरिकेतील इरिगेशन असोसिएशनचा क्रॉफर्ड रीड पुरस्कार आणि २००८ मध्ये पद्मश्री या रूपाने या कार्याची दखल घेतली गेली.

मराठीच्या दृष्टीने या उदाहरणास आणखी एक अंग आहे. भवरलाल जैन हे मराठीत लिहिणारे उद्योजक होते. ‘ती आणि मी’ हे त्यांचे पत्नीविषयीचे पुस्तक वाचकांना परिचित आहे. पळसखेड्याचे शेतकरी-कवी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. पाण्याचा थेंब हा एकाच्या कवितेचा आणि दुसऱ्याच्या कारखान्याचा विषय असावा, ही घटना मराठी संस्कृतीत क्वचित घडलेली आहे. जळगाव येथे २०१२ मध्ये उभे राहिलेले गांधीतीर्थ हे या उद्योगाच्या वैचारिक वारशाचे चिन्ह होय.

तथापि गौरवाच्या भरात हिशेब अपुरा ठेवणे योग्य नव्हे. ठिबकमुळे एका रोपाला लागणारे पाणी कमी होते. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी केळी लावतो. केळीसाठी प्रसिद्ध असलेले रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले, ही वस्तुस्थिती आहे. रोपाच्या मुळाशी झालेली बचत विहिरीच्या तळाशी पोहोचेलच असे नाही. विक्रेत्याच्या खतावणीत नळीची लांबी मोजली जाते. विहिरीची पातळी मोजणारी खतावणी संपूर्ण गावाची असावी लागते. तसेच २०१९ मध्ये ही कंपनी कर्जफेडीच्या गंभीर अडचणीत सापडली व पुढे कर्जांची पुनर्रचना करावी लागली. विश्वस्ताची भाषा पैशाच्या हिशेबातून कोणाची सुटका करीत नाही.

या विवेचनातून नेतृत्वाचे कार्य पुरेसे स्पष्ट होते. उत्तम नेता नवे यंत्र आणतो एवढेच त्याचे महत्त्व नव्हे. जे नुकसान दुसरा सोसतो, ते तो आपल्या वहीत प्रथम लिहितो. ते लिहिले गेले की कारागीर, अभियंता आणि शेतकरी त्यावर उपाय शोधतात. न लिहिलेल्या नुकसानावर कोणीही बुद्धी खर्चीत नाही. वर्ध्याला धूर लिहिला गेला, जळगावला पाण्याचा थेंब लिहिला गेला. विहिरीची पातळी लिहिणे अद्याप बाकी आहे. सिलतऱ्यात उष्णता लिहिली गेली, धूळ पुरतेपणी लिहिली गेलेली नाही. सदर बाजाराच्या पेढीवर सोन्याच्या कणाला मिळणारी निगा ज्या दिवशी त्या काळ्या धुळीला मिळेल, त्या दिवशी ‘घट’ या शब्दाचा अर्थ खऱ्या अर्थाने विस्तारला असे म्हणता येईल.