विशेषणाची जागा : इंग्रजी शिकताना

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला इंग्रजी विशेषण प्रथमदर्शनी सोपे वाटते. आपल्याकडे बैल काळा, गाय काळी, वासरू काळे. विभक्ती लागली की ‘काळ्या बैलाला’. वसतिगृहात नित्य पाली वंदना म्हटलेल्यांना हाच नियम निराळ्या रूपात परिचित असेल : कुसलो, कुसला, कुसलं. इंग्रजीत मात्र बैल असो की गाय, एक असो की शंभर, ‘ब्लॅक’ हे ब्लॅकच राहते. परंतु प्रत्यय गेला म्हणून नियम गेला असे नव्हे. मराठीत विशेषणाचे नामाशी असलेले नाते पुष्कळदा प्रत्यय सांभाळतो. इंग्रजीत ते काम शब्दाच्या जागेवर सोपविलेले आहे. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका येथूनच उद्भवतात.

आपल्या गावाचे नाव धारण करणाऱ्या गोवंशाचेच उदाहरण घेऊ. देवणी जनावरांचे बालंक्या, वान्नेरा आणि शेवरा असे तीन प्रकार मानले जातात. बालंक्या सर्वांगाने पांढरा, वान्नेरा पांढरा परंतु तोंडाच्या बाजूंना काळा, आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके. आपला पशुपालक हे सारे एका शब्दात सांगून मोकळा होतो. इंग्रजीत बालंक्यासाठी ‘अ व्हाइट बुल’ पुरेसे आहे. विशेषणे अनेक असली तर त्यांचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो : संख्या, आकार, वय, रंग, मग मूळ. म्हणून ‘टू बिग ओल्ड व्हाइट देवणी बुल्स’ बरोबर. ‘व्हाइट ओल्ड टू’ म्हटले तर कान लगेच अडखळतो. वान्नेऱ्यासाठी मात्र विशेषण वाक्य उपयोगी पडते : ‘अ व्हाइट बुल दॅट हॅज अ ब्लॅक फेस’. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, एका शब्दाचे विशेषण सामान्यतः नामाच्या आधी आले, तर विशेषण वाक्य नामाच्या मागून आले.

मराठीत आपण ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ असे म्हणतो. ‘जो’ला ‘तो’ची जोड हवीच. त्या सवयीने मुले लिहितात, ‘द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर’. यातील ‘ही’ अनावश्यक आहे, कारण ‘द बॉय’ हा कर्ता वाक्यात आधीच बसलेला आहे. यावर एक साधा उपाय आहे. जो-तोची रचना मनातल्या मनात ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे’ अशी करून पाहावी. ‘तो’ आपोआप गळून पडतो. मग ‘काल आलेला’ एवढा भाग उचलून ‘मुलगा’च्या मागे ठेवला की इंग्रजी वाक्य तयार.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘ज्याला’ म्हणजे ‘हूम’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘ज्याला ताप आहे तो मुलगा’ याचे भाषांतर हमखास चुकवतो. मराठीत ताप ‘मुलाला’ असतो. इंग्रजीत मुलगा तापाचा धनी, म्हणजे कर्ता होतो. म्हणून ‘द बॉय हू हॅज फीवर’. तसेच ‘ज्याने पुस्तक वाचले’ येथेही ‘हू’च. मराठी विभक्तीकडे पाहून इंग्रजी शब्द निवडू नये. विशेषण वाक्यात तो कर्ता आहे की कर्म, एवढेच पाहावे.

जागा चुकली तर अर्थाची गंमत होते. ‘आय सॉ अ बुल इन द मार्केट दॅट वॉज लिम्पिंग’ या वाक्यात बैलाऐवजी बाजारच लंगडू लागतो!

स्वल्पविरामाच्या बाबतीत मात्र हसून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि उद्ध्वस्त झालेली अनेक गावे पुढे नव्या जागी वसविण्यात आली. हे सांगताना ‘द व्हिलेजेस दॅट वेअर डिस्ट्रॉइड वेअर रीबिल्ट’ असे लिहिले तर उद्ध्वस्त झालेली तेवढीच गावे पुन्हा बांधली, असा अर्थ होतो. ‘द व्हिलेजेस, विच वेअर डिस्ट्रॉइड, वेअर रीबिल्ट’ असे लिहिताच, ज्यांविषयी आपण बोलत आहोत ती सगळीच गावे उद्ध्वस्त झाली होती, असे विधान होते. दोन स्वल्पविरामांनी यादी बदलली. पीक गेलेल्या शेतकऱ्यांसाठी किंवा शिष्यवृत्ती न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीत अर्ज लिहिणाऱ्याने हा भेद जाणलाच पाहिजे. मदत कोणाला मागितली आहे, हे त्यावरच ठरते. स्वल्पविरामानंतरच्या अशा वाक्यात ‘दॅट’ वापरत नाहीत, हेही जाता जाता.

शेवटी विशेषणांच्या प्रत्ययांविषयी. ‘आय एम बोअरिंग’ म्हणणारा मुलगा कंटाळलेला असतो, परंतु बोलतो ते ‘मी कंटाळवाणा आहे’. ‘-इंग’ परिणाम घडविणाऱ्याकडे, ‘-एड’ परिणाम सोसणाऱ्याकडे बोट दाखवितो. आता आपल्या चळवळीच्या इतिहासातील शब्द पाहा. ‘डिप्रेस्ड क्लासेस’ यातील ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दाबले गेलेले. दाबणारा कोणी आहे, हे त्या ‘-एड’मध्येच आले. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेतील आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’मधील ‘बहिष्कृत’ याच घडणीचा. उलट ‘अनटचेबल’ मधील ‘-एबल’ हा दोष जणू त्या माणसाच्या अंगीच आहे असे भासवितो. शिवू न देणारा त्यात दिसतच नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या उपशीर्षकात बाबासाहेबांनी हे लोक अस्पृश्य का ‘झाले’ असा प्रश्न घातला आहे. त्या एका क्रियापदाने विशेषणाची लबाडी उघडी पडते.

सरावासाठी दोन वाक्ये, पालकांनी मुलांसह सोडवावीत : ‘ज्यांना इंग्रजी येते ते विद्यार्थी अर्ज लिहितील.’ ‘माझी आई, जी कधी शाळेत गेली नाही, आम्हां सर्वांना शिकविते.’ दुसऱ्यात स्वल्पविराम का हवेत, तेही लिहावे.